पासोडी, शिळाछाप आणि ई-पुस्तक

ग्रंथ लिहून झाला कीं ग्रंथकाराचें काम संपलें, पुढचें काम छापखान्याचें, अशी समजूत आपल्याकडे निदान दीडशें वर्षें तरी रूढ आहे. या समजुतीला अलीकडे तडा गेला आहे. नांदेड-लातूरकडील एखादा शिक्षक, वकील किंवा निवृत्त तहसीलदार आपल्या गांवचा इतिहास संगणकावर टंकित करतो, आणि तो प्रकाशकाकडे न पाठवितां स्वतःच ई-पुस्तक म्हणून प्रसिद्ध करावयाचें ठरवितो. खर्च जवळजवळ नाहीं, कोणाची मनधरणीही नाहीं. पण वर्डमध्यें नीटनेटका दिसणारा तो मजकूर ई-पुस्तक होऊन मोबाइलच्या पडद्यावर उतरतो, तेव्हां त्याची जी दशा होते ती पाहून लेखक खचतो. ओळी मध्येंच तुटतात, मथळे मजकुरांत मिसळतात, अनुक्रमणिकेंतील पृष्ठांकांना कांहीं अर्थ उरत नाहीं, आणि कित्येक जोडाक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन उभे राहतात. दोष यंत्राचा, असें म्हणून तो सुटूं पाहतो. आमच्या मतें हा दोष यंत्राचा नसून 'पान' या वस्तूविषयींच्या आपल्या कल्पनेचा आहे; आणि ती कल्पना कशी घडली हें पाहिल्याशिवाय ई-पुस्तकाची मांडणी म्हणजे काय, हें नीट कळावयाचें नाहीं.

आपल्या जुन्या वाङ्मयांत पान ही दुय्यम वस्तु होती. पोथीला पानें असत हें खरें. परंतु एका पोथीचें पान जेथें संपे तेथें दुसऱ्या पोथीचें संपेलच असा नेम नसे. लेखकाचा हात, बोरूची जाडी, कागदाची लांबीरुंदी यांवर तें अवलंबून. म्हणून ज्ञानेश्वरींतील एखादें स्थळ दाखवावयाचें तर कोणी पानाचा आंकडा सांगत नसे. अध्याय व ओवी सांगत असे, आणि आजही तसेंच सांगतात. ग्रंथाच्या खुणा ग्रंथाच्या अंगांतच असत, कागदांत नसत. लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या अंबाजोगाईस तर याहून पुढचा नमुना पाहावयास मिळतो. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय पानांवर न लिहितां एका लांबलचक कापडावर लिहिला. तीच प्रसिद्ध 'पासोडी'. पासोडीला पान उलटणें नाहीं. मजकूर आहे, त्याचे विभाग आहेत, त्यांचा क्रम आहे. जितकें उलगडावें तितकें दिसावें. ई-पुस्तकाची प्रकृति समजावून सांगण्यास याहून चांगला दाखला आम्हांस तरी माहीत नाहीं. ई-पुस्तक हीसुद्धां एक पासोडीच आहे. फरक इतकाच कीं, तिची रुंदी वाचक ठरवितो. त्यानें अक्षर मोठें केलें कीं ओळ लहान होते, ओळी वाढतात, आणि लेखकानें मनांत धरलेलें पान नाहींसें होतें.

पोथीच्या काळीं मांडणीचे प्रश्न नव्हते असें मात्र कोणी समजूं नये. जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांस लागून लिहिलेले असत. पद कोठें तोडावयाचें हें वाचणाऱ्याच्या व्युत्पत्तीवर सोपविलेलें असे. शिवाय नकलेवरून नक्कल होतां होतां पाठ बिघडे. पैठणास एकनाथांनीं शके १५०६ त, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच कारणासाठीं. निरनिराळ्या प्रती समोर ठेवून, चुका काढून, मूळ संहिता सिद्ध करणें हें जें काम नाथांनीं केलें, त्याची आठवण आम्हांस पुढें एका अगदीं वेगळ्या संदर्भांत करावी लागणार आहे.

पान कायम करण्याचा उलट प्रयत्न किती थोर असूं शकतो, याचेंही उदाहरण याच प्रदेशांत आहे. १७०८ सालीं नांदेड येथें गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवण्यापूर्वीं ग्रंथालाच गुरुपद दिलें, असें शीख परंपरा मानते. त्या गुरु ग्रंथसाहिबाच्या जुन्या हस्तलिखित बिडांची पानें सारखीं नसत, आणि शब्द न तोडतां सलग लिहिण्याची रीत होती. तिला 'लडीवार' म्हणतात. आजच्या प्रमाण छापील बिडेचीं मात्र बरोबर १४३० पानें असतात, आणि त्यांस पान न म्हणतां आदरानें 'अंग' म्हणतात. नांदेडच्या तख्तावर असो कीं परदेशांतील गुरुद्वाऱ्यांत असो, अमुक अंगावर अमुक शब्द सांपडणारच. जेथें सामुदायिक पाठ हा उपासनेचा भाग आहे तेथें पान स्थिर असण्याला असा खोल अर्थ असतो. आपल्या चरित्रग्रंथाला किंवा काव्यसंग्रहाला तो अर्थ आहे काय, हें लेखकानें स्वतःस विचारून पाहावें. बहुतेक वेळां उत्तर नकारार्थींच येईल.

आपल्या मनांतलें पान आलें तें छापखान्यांतून. कॅरेचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस पंचांग छापलें. १८६९ सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांस तें सुबक वळण दिलें, जें पुढें दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलें. गणपत कृष्णाजींनीं चरबी टाळून तुपाची शाई वापरली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. नव्या साधनाबद्दलचा संशय आपल्याकडे आजचा नव्हे. आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. इंग्रजीचें काम शंभर-दीडशें खिळ्यांत भागे. देवनागरीला जोडाक्षरें, काना, मात्रा, वेलांट्या, रफार धरून शेकडो खिळे लागत. ही संख्या आटोक्यांत आणण्यासाठीं अक्षरें फोडून त्यांचे तुकडे ओतण्याच्या युक्त्या निघाल्या. टिळकांनीं टंकसुधारणेचा खटाटोप केला, सावरकरांनीं स्वरांसाठीं 'अ'चीच बाराखडी सुचविली. या सगळ्या धडपडींतून एक संवय जुळाऱ्याच्या हाताला लागली, आणि पुढें संगणकानेंही ती उचलली : अक्षर म्हणजे ध्वनीचें चिन्ह नव्हे, तर जोडून बसवावयाचे आकाराचे तुकडे.

मराठवाड्याची कथा यांत थोडी निराळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. दरबारची व कचेरीची भाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दू. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' नें सभासंमेलनांवर परवानगीचा जाच बसविला. अशा स्थितींत मराठी छापखाना भरभराटीस यावा कसा? येथल्या लेखकाचें हस्तलिखित पुण्यामुंबईस जाई, आणि स्वातंत्र्यानंतरही तो ओघ पुष्कळ काळ बदलला नाहीं. नांदेडांत राहून ज्यांनीं अवघ्या महाराष्ट्राला विचार करावयास लावलें त्या नरहर कुरुंदकरांचे ग्रंथही बहुतांशीं पुण्याहूनच निघाले. उलट उर्दूचें मुद्रण तेव्हां प्रामुख्यानें शिळाछापावर चाले. नस्तालीक लिपीला खिळे मानवत नसत. म्हणून कातिब सबंध पान हातानें लिही आणि तें पान जसेंच्या तसें दगडावरून उतरे. शिळाछापाचें पान सुंदर असे, पण तें चित्र असे. त्यांतला एक शब्द बदलावयाचा तर कातिबालाच पुन्हां बोलवावें लागे. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण आज ज्यास आपण पीडीएफ म्हणतों ती बहुतांशीं शिळाछापाचीच नात आहे. तिच्यांतलें पान जसेंच्या तसें राहतें हा तिचा गुण, आणि मोबाइलवर वाचतांना तेंच पान बोटानें डावीउजवीकडे सरकवीत बसावें लागतें हा तिचा दोष. पीडीएफ मोफत वाटून 'माझें ई-पुस्तक निघालें' असें म्हणणाऱ्यांचा उत्साह आम्हांस कौतुकास्पद वाटतो. परंतु तें ई-पुस्तक नव्हे, छापील पुस्तकाचें छायाचित्र आहे.

१९९० च्या सुमारास संगणक जिल्ह्याच्या गांवीं पोंचला. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें आणि श्रीलिपी, आकृती आदि प्रणालींनीं देवनागरी अक्षरें पडद्यावर आणलीं. आणि जेथें खिळ्यांचे खण होते तेथें डीटीपीचीं दुकानें निघालीं. मराठवाड्यांतील लेखकाला ही खरी मुक्ति होती. पुण्याला न जातां पुस्तक आपल्या पेठेंत जुळूं लागलें. दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ, घराण्यांचे इतिहास, संतचरित्रें, शोधनिबंध यांचें केवढें तरी पीक त्या वीस वर्षांत आलें. लातूर जिल्हा १९८२ सालीं झाला, नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं; नव्या जिल्ह्याला आणि नव्या विद्यापीठाला लागणारें कितीतरी छपाईचें काम याच दुकानांनीं केलें.

पण या मुक्तीच्या पोटांत एक गोम होती. त्या काळच्या बहुतेक फाँटांत मराठी अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. संगणकाच्या लेखीं तेथें 'क' नव्हताच. एखादें इंग्रजी अक्षर होतें, आणि त्याला 'क'चा मुखवटा घातलेला होता. मुखवटे प्रत्येक कंपनीचे निराळे. एका फाँटांतला मजकूर दुसऱ्या फाँटांत उघडला कीं निव्वळ कडबोळें. हें वाचतांना आम्हांस महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होते. आपले ग्रंथ परक्याच्या हातीं पडूं नयेत म्हणून त्या पंथानें अक्षरांच्या जागा बदलून सांकेतिक लिप्या केल्या, आणि त्यामुळें मराठींतलें आद्य गद्य कित्येक शतकें पंथाबाहेरच्यांना वाचतां आलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे-भावे यांच्या पिढीला तें कुलूप काढावें लागलें. महानुभावांनीं तें जाणूनबुजून केलें होतें, आणि किल्ली पंथांत पिढ्यान् पिढ्या जपून ठेविली होती. आपण तेंच नकळत केलें, आणि किल्ली एका दुकानदाराच्या संगणकांत ठेविली. तें दुकान आतां भ्रमणध्वनीचीं कव्हरें विकतें. नांदेड-लातूरच्या आळींत अशीं दुकानें आम्हीं पाहिलीं आहेत. छापील प्रती संपल्या आहेत, लेखक कित्येक ठिकाणीं हयात नाहींत, आणि त्यांच्या मुलांच्या कपाटांत एक सीडी आहे. तिच्यावर नांव मराठींत, पण आंतला मजकूर उघडेल असें यंत्र घरांत नाहीं. ई-पुस्तकाचा प्रश्न आम्हांस निकडीचा वाटतो तो हौशी नवलेखकांपेक्षां या कपाटांतल्या सीड्यांमुळें.

यावरचा तोडगा ठाऊक आहे आणि तो नवाही नाहीं. युनिकोड ही जागतिक संकेतपद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. त्या ठरविल्या गेल्या त्या भारतांतच सिद्ध झालेल्या १९८८ च्या 'इस्की' संकेतावरून. युनिकोडांत 'क' म्हणजे 'क' हा वर्ण. त्याचा आकार कसा असावा हें फाँटानें पाहावें. सांठवण वर्णांची, दर्शन आकारांचें. जुळाऱ्यानें लावलेली आकारांचे तुकडे जोडण्याची संवय येथें प्रथमच मोडली. 'कि' लिहितांना डोळ्याला वेलांटी आधीं दिसते, म्हणून जुना फाँट ती आधीं सांठवी; युनिकोड आधीं 'क' आणि मग इकार सांठवितो, कारण तोंडानें आपण तसेंच म्हणतों. रफार डोक्यावर शेवटीं चढतो, पण उच्चारांत 'र्' आधीं येतो. युनिकोडही तो आधींच धरतो. पाणिनीला ही व्यवस्था विचित्र वाटली नसती.

जुन्या फाँटांतून युनिकोडांत मजकूर नेणाऱ्या प्रणाली आज मोफत मिळतात. एका क्षणांत तीनशें पानें पालटतात. येथेंच नाथांची आठवण करावी लागते. कारण पालटलेली संहिता ही शुद्ध संहिता नव्हे. ती एका नव्या, अतिशय वेगवान आणि अगदीं निर्बुद्ध लेखकूनें केलेली नक्कल आहे. तिच्या चुका ठराविक असतात, म्हणूनच त्या शोधतां येतात. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. रफार एक घर चुकतो. मजकुरांत इंग्रजी अवतरण असेल तर यंत्र त्या इंग्रजी अक्षरांसही मुखवट्याचीं मराठी अक्षरें समजतें आणि गॅझेटियरांतला उतारा अगम्य देवनागरींत बदलून टाकतें. आणि सर्वांत फसवी चूक अर्ध्या 'र'ची. मराठींत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द वेगळे. हा भेद दाखविणारा आडवा 'ऱ' कित्येक ठिकाणीं एका न दिसणाऱ्या जोडचिन्हावर टिकून असतो, आणि तें चिन्ह कोठें गळलें कीं बालाघाटच्या दऱ्यांचा दर्या होतो. ज्या लातूर शहराला २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, त्याच्या उशाशीं असा समुद्र उसळलेला पाहून वाचकानें काय समजावें? तपासनिसाच्या यंत्रालाही ही चूक सांपडत नाहीं, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. तिला उपाय एकच, आणि तो जुना आहे : दोघांनीं समोरासमोर बसावें, एकानें छापील प्रत मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें पडद्यावर बोट ठेवावें. कामाला वेळ लागतो. तीनशें पानांना आम्हीं पंधरा दिवस लागलेले पाहिले आहेत.

अक्षर शुद्ध झालें म्हणजे मग मांडणी. येथें आपल्या सुशिक्षित वर्गाच्या संवयी टंकलेखन यंत्राच्या काळांतल्या आहेत. मथळा मध्यावर आणण्यासाठीं लेखक वीसपंचवीस वेळां मोकळी जागा टंकितो. नवें प्रकरण नव्या पानावर जावें म्हणून एंटरची कळ दाबीत बसतो. परिच्छेदाचा आरंभ आंत सरकविण्यासाठीं टॅब वापरतो. मथळा आहे हें दाखविण्यासाठीं अक्षर जाड व मोठें करतो. कागदावर हें सर्व चालून जातें, कारण कागद डोळ्यालाच जबाबदार असतो. ई-पुस्तकाच्या यंत्राला डोळा नाहीं. त्याच्या दृष्टीनें जाड अक्षरांतला मथळा हा एक जाड परिच्छेद, आणि पंचवीस मोकळ्या जागा म्हणजे पंचवीस मोकळ्या जागा. लहान पडद्यावर त्या कोठें जाऊन पडतील याचा नेम नाहीं. लेखकानें यंत्राला 'हें कसें दिसावें' हें सांगावयाचें नसून 'हें काय आहे' हें सांगावयाचें असतें. वर्डमध्यें 'स्टाइल' नांवाची जी सोय आहे ती याच कामाची. प्रकरणाच्या नांवाला 'हेडिंग १', पोटमथळ्याला 'हेडिंग २', चालू मजकुराला त्याची एक शैली, अवतरणाला दुसरी, ओव्यांना तिसरी. इतकें निष्ठेनें केलें कीं अनुक्रमणिका यंत्र आपण होऊन तयार करतें, आणि तींत पृष्ठांकांच्या जागीं दुवे येतात. नांवावर बोट टेकलें कीं प्रकरण उघडतें. प्रकरण नव्या पडद्यावर सुरू व्हावें यासाठीं 'पेज ब्रेक' आहे. पानाच्या माथ्यावरचीं व तळचीं नांवें, पृष्ठांक, शोभेच्या चौकटी, मजकुराच्या पेट्या हीं सर्व काढून टाकावींत; पान नाहीं तेथें पानाचे अलंकार कशाला?

कविता आणि वंशावळी हीं दोन स्थळें मात्र खरोखर अवघड. कवितेची ओळ लहान पडद्यावर मोडते, आणि मोडलेला भाग नवी ओळ भासतो. यास उपाय असा कीं, ओव्यांच्या शैलींतच पहिली ओळ बाहेर व मोडून आलेली आंत, असें माप द्यावें. आणि ओवीला क्रमांक असेल तर तो मुळींच गाळूं नये, कारण पान गेल्यावर संदर्भाला तोच उरतो. देशमुख-देशपांड्यांच्या वंशावळी, ज्या आमच्याकडील इतिहासांत फार, त्या कोष्टकांत बसवूं नयेत. उतरत्या यादीच्या रूपानें लिहाव्या, किंवा चित्र म्हणून घालून त्याखालीं नांवें मजकुरांत द्यावींत. मोडी कागदाचें छायाचित्र घातलें तर त्याचें बालबोध लिप्यंतर शेजारीं हवेंच; चित्रांतला मजकूर शोधतां येत नाहीं आणि अंध वाचकाचें यंत्र तो वाचूनही दाखवूं शकत नाहीं. शोधण्यावरून आठवलें. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. आमच्यासारखे जे कोणी अजून ते देतात त्यांच्या लेखांत 'नाही' हा शब्द शोधूं जाणारास तो सांपडेलच असें नाहीं. जुनें पुस्तक पालटतांना अनुस्वार ठेवावे कीं काढावे? आमचें मत असें कीं, मृत लेखकाचे ठेवावे. पण प्रस्तावनेंत तसें सांगावें.

वर्डमधली अशी स्वच्छ फाइल पुढें 'ईपब' या स्वरूपांत जाते. हें स्वरूप २००७ सालीं प्रमाण झालें, २०११ सालीं सुधारलें, आणि २०१७ पासून तें विश्वजालाचे संकेत ठरविणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेकडे आहे. त्याचें अंतरंग समजलें तर भीति जाते : ईपब म्हणजे एक गाठोडें. आंत प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, त्यांचा क्रम सांगणारी एक यादी, एक अनुक्रमणिका, वेष्टनाचें चित्र, आणि लेखक, शीर्षक, भाषा यांची नोंद. कोविद गोयल यांनीं रचलेली कॅलिबर ही मोफत प्रणाली हें गाठोडें बांधूनही देते आणि सोडूनही दाखविते. भाषेच्या नोंदीकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. तेथें 'मराठी' लिहावयाचें राहिलें कीं पडद्यावर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' येण्याचा संभव असतो. कांहीं फाँटांत दोन्ही वळणें असतात, आणि कोणतें दाखवावें हें फाँट त्या नोंदीवरून ठरवितो. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी अक्षरांचीं प्रमाण वळणें ठरविलीं आहेत. तीं पडद्यावर आणणें शेवटीं लेखकाच्या या एका नोंदीवर येऊन ठेपतें. फाँट मोफत व गाठोड्यांत घालण्याची परवानगी असलेलाच घ्यावा, आणि पुस्तक महागड्या यंत्रावर न पाहतां स्वस्तांतल्या जुन्या मोबाइलवर पाहावें. मुखेड-अहमदपूरचा वाचक त्यावरच वाचणार आहे.

प्रसिद्धीविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. डिसेंबर २०१६ त ॲमेझॉननें किंडलवर मराठीसह पांच भारतीय भाषांचें दालन उघडलें; तेथें वर्डची किंवा ईपबची फाइल चढवून लेखक स्वतः प्रकाशक होतो. गूगलच्या पुस्तकपेठेंतही ईपब चालतें. किंडलला आयएसबीएन क्रमांकाची अट नाहीं. हवाच असेल तर भारतांत तो राजा राममोहन रॉय यांच्या नांवानें चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यालयाकडून विनामूल्य मिळतो, म्हणून त्यासाठीं पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारांत उभें करूं नये. दुकानदार परदेशी आहे, त्याचे नियम तो बदलतो : 'मोबी' हें जुनें स्वरूप त्यानें साध्या मजकुराच्या नव्या पुस्तकांसाठीं २०२१ सालीं बंद केलें. ज्यांनीं केवळ मोबी जपून ठेविलें, मूळ स्वच्छ फाइल ठेविली नाहीं, ते डीटीपीच्या दुकानांतून निघून दुसऱ्या दुकानांत अडकले. मूळ फाइल स्वतःपाशीं, एक प्रत गांवच्या वाचनालयांत, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत, अशी वांटणी आम्ही सुचवितों. संपादकाची चाळणी नसल्यामुळें कचराही पुष्कळ प्रसिद्ध होतो, ही तक्रार खरी आहे. पण चाळणी पुण्यांत असल्यामुळें इकडचें जें राहून गेलें, त्याची तक्रार करावयाला कोणी उरलें नाहीं.

एक गोष्ट मात्र पोथीकडून जशीच्या तशी घ्यावयास हवी. छापील आवृत्तींत चूक राहिली तर ती पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राही. ई-पुस्तक लेखकाला हवें तेव्हां गुपचूप बदलतां येतें, आणि मग कोणत्या वाचकानें कोणता पाठ वाचला हें सांगतां येत नाहीं. जुना लेखकू पोथीच्या शेवटीं पुष्पिका लिही. शके अमुक, तिथि अमुक, अमुक क्षेत्रीं, अमक्याच्या मूळ प्रतीवरून अमक्यानें लिहिलें; जसें पाहिलें तसें उतरविलें, दोष आमचा मानूं नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं आपल्या वडिलांचें नांदेडच्या पेठेंत जुळविलेलें पुस्तक यंदा ई-पुस्तक केलें. त्याच्या शेवटच्या पडद्यावर मूळ छपाईचें साल, जुन्या फाँटाचें नांव, पालटणाऱ्या प्रणालीचें नांव, छापील प्रतीशीं ताडून पाहणाऱ्या दोघांचीं नांवें, पाठ बदलला तीं अकरा स्थळें, आणि या पाठाची तारीख दिली आहे. अकरांपैकीं सात स्थळें 'ऱ'चीं आहेत.